हललो

सातपूरच्या बेअरिंग कारखान्यात हिरोनाकासान आले
तेव्हा मला सांगितलं गेलं : क्वालिटीचे आहेत, कमी बोलतात,
तू फक्त आकडे नीट मराठीत आण.
मायक्रॉन, मिलिमीटर, नाकारलेले नग.
दीड वर्ष मी आकडेच आणले.

मग एका शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर,
ते डिस्पॅचच्या काट्यावर चढले
आणि त्रेसष्ट या आकड्याकडे बघत राहिले,
आपल्याच दाराशी परक्याची चप्पल दिसावी तसे.
"पूर्वी एकोणपन्नास," म्हणाले. "बारा ग्रॅम कमी."

कामगार वसाहतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
खैरनार सर पोरांना बॉक्सिंग शिकवतात.
दोन बॅगा. एकीत वाळू, एकीत जुन्या साड्या.
तिथे मी त्यांना घेऊन गेले, खरं तर त्यांनीच मला नेलं.
निरभवणेंचा सुयोग, अठ्ठेचाळीस किलो गट,
उद्या वजन, आणि सहाशे ग्रॅम जास्त.
प्लास्टिकचा रेनकोट घालून दोरीवर उड्या मारत होता,
ओठ पांढरे.

हिरोनाकासान त्याच्यासमोर मांडी घालून बसले.
खिशातून चिंचोका काढला, पुसला, त्याच्या जिभेवर ठेवला :
गिळायचं नाही. लाळ सुटेल. ती या पेल्यात थुंक.
आमच्याकडे आंबट आलुबुखाराची बी असते.
रात्रभरात शंभर ग्रॅम. मी मोजलंय.

मग बोलत गेले, आणि मी मागून धावत.
एकोणिसाव्या वर्षी पहिली लढत, चार फेऱ्यांची.
मानधन म्हणून तिकिटं मिळायची,
ती स्वतःच विकायची, पहाटे मासळीबाजारात,
बर्फ फोडता फोडता.
तेवीस लढती.
प्रत्येक लढतीआधी सात किलो.
"एकशे एकसष्ट किलो उतरवले मी.
म्हणजे माझ्यासारखे तीन जण,
आणि वर एक पाय.
कुठे गेले असतील?"
याचं भाषांतर मी केलं.
सुयोग पेल्यात थुंकला.

किताबाची लढत एकदाच. दहा फेऱ्या.
सातवीत डावी भुवई फाटली.
दोन पंचांनी त्याला दिलं, एकाने मला.
त्या एकाला मी अजून नववर्षाचं कार्ड पाठवतो.
डाव्या डोळ्याने आता मायक्रॉन दिसत नाहीत,
हे कारखान्यात सांगू नकोस.
(सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे.)

अकरा जिंकलो, तीन बरोबरीत,
आणि नऊ,
इथे मी अडखळले.
पोराचं उद्या वजन, परवा लढत.
म्हटलं, "नऊ वेळा जमलं नाही."
हिरोनाकासाननी माझ्याकडे पाहिलं,
ऑफसाइझ नगाकडे पाहतात तसं.
"हा शब्द नाही," म्हणाले. "खरा शब्द दे."
दिला. हरलो.
तो त्यांनी स्वतः उचलला,
पण जपानी जिभेला र आणि ल एकाच घरातले,
म्हणून मोठ्याने, नऊ बोटं दाखवत, म्हणाले :
"हललो. हललो. नऊ वेळा हललो."

सुयोग हसला. ओठ फुटून रक्त आलं.
खैरनार सर मात्र हसले नाहीत.
तेवीस वर्षं ते दोरीबाहेरून एवढंच ओरडत आलेत :
हल रे, उभा राहू नकोस, हल!

त्या आठवड्यात गोदावरी
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली होती.
आख्खं गाव पुलावरून पाणी मोजत होतं :
काल गुडघा होता, आज छाती.
आम्ही तिघे शेडमध्ये ग्रॅम मोजत होतो.

सत्तेचाळीस किलो नऊशे साठ भरला सुयोग.
वजनात पास.
दुसऱ्या फेरीत मालेगावच्या पोराने त्याला दोनदा बसवलं.

नंतर मिसळीच्या दुकानात तो बराच वेळ
तर्रीकडे नुसता बघत होता.
हिरोनाकासाननी पाव मोडला, अर्धा त्याच्या ताटलीत टाकला,
घाम पुसत भुरका मारला आणि भुवया उंचावून विचारलं.
मी मध्ये पडले नाही.
"हललो," सुयोग म्हणाला,
आणि पाव बुडवला.