पार्ग्वाच्या धक्क्यावर धुकं

पहाटे पाच चाळीसला यास्नाचा फोन.
सामुद्रधुनीवर धुकं बसलंय, बोटी बंद,
रांगेत अकरावा ट्रक तिचा,
मागच्या पेटीत माशांच्या कल्ल्यांचे नमुने, बर्फ वितळतोय,
आणि आठच्या आत उवांची मोजणी पोचली नाही
तर चौदा नंबरच्या पिंजऱ्याला आज औषध नाही.

"मोबाईलचा डेटा संपला," ती म्हणते,
"पण कॅफेत वायफाय आहे. दोन-दोन आहेत.
'कॅफे पार्ग्वा', आणि 'कॅफे पार्ग्वा लिब्रे'.
दुसऱ्याला पासवर्डही नाही. दांडे पाचही भरलेले."

पाचही भरलेले.
इकडे पुएर्तो मॉन्तला, सर्व्हरच्या घरघरीत,
मी हातातला कप खाली ठेवतो.

तू चिलोएची, यास्ना, तुला मी काय सांगू?
कालेउचे जहाजाच्या गोष्टी तूच मला सांगितल्यास:
काळोख्या पाण्यावर उजळून निघालेलं,
डेकवर अकॉर्डियन, हसणं, दोर खाली सोडलेला.
जो चढला त्याचं तोंड पाठीकडे वळलं.
फुकटच्या उजेडातही कोणीतरी तेल घालत असतं.

"स्क्रीनला नको," मी म्हणतो, "मालकिणीला विचार."

खुर्ची सरकते. एक ड्रायव्हर खोकतो.
मग दोन्या एर्सिराचा आवाज, कांदा चिरता चिरता:
"आमचं एकच. 'तिसोन'. कुत्र्याचं नाव गं.
पासवर्ड मेनूच्या मागे लिहिलाय.
कॅफे पार्ग्वा? ते कोणाचं, बाई?"

बराच वेळ आम्ही दोघंही बोलत नाही.
त्या धुक्यात कोणाच्या तरी केबिनमध्ये,
कोणाच्या तरी मांडीवर,
दुसऱ्याच्या दारासारखं रंगवलेलं एक दार.

हे मला कुठून कळतं, ते तिला ठाऊक नाही.
तीन वर्षांपूर्वी, सान्तियागोचा विमानतळ.
स्क्रीनने विचारलं होतं: प्रमाणपत्र जुळत नाही, पुढे जायचं?
विमानाची शेवटची हाक चालू होती. मी 'हो' दाबलं.
ते 'हो' अकरा दिवस आमच्या कंपनीत राहिलं.
पगारपत्रकं वाचली त्यानं, खाद्याची बिलं चाळली,
आणि निवृत्तीला दोन महिने उरलेल्या बेलार्मिनोचा
खाते क्रमांक बदलून निघून गेलं.
बेलार्मिनो अजूनही दिसला की टोपीला हात लावतो.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"आधी लॅपटॉपला ती दोन्ही नावं विसरायला लाव.
आपोआप जोडण्याची खूण काढ.
मग तिसोनवर ये. पण विसंबू नकोस,
कुत्रा गुणी असेल, अंगण सगळ्यांचं आहे.
आपला बोगदा उघड, आणि मगच मोजणी."

"बोगदा, बोगदा! समुद्रावर कसला रे बोगदा?"

बरं, मिंगा म्हण.
घर फिरलं की वासेही फिरतात, असं म्हणतात.
तुमच्याकडे अख्खं घर फिरतं,
सगळं गाव दोराला, बैलजोड्या पुढे,
या बेटावरून त्या बेटावर लाटांवर तरंगत,
आणि वासे जागचे हलत नाहीत.
पलंग तसाच, कपाट तसंच, दार आतून बंद.
काठावरच्यांना घर जाताना दिसतं,
घरातलं काही दिसत नाही.
"तसं पाठव."

सहा बाराला माझ्यासमोर एक हिरवी ओळ:
बार्रिया, यास्ना.
सहा आकडी अंक तिने पहिल्यांदा चुकवला,
दुसऱ्यांदा बरोबर टाकला. मी उगाचच उठून उभा राहिलो.

साडेनऊला धुकं उठलं.
पहिल्या बोटीत आठ ट्रक गेले.
यास्ना धक्क्यावरच होती, तिने पुन्हा यादी पाहिली:
'तिसोन' होतं.
बाकीची दोन नावं त्या बोटीबरोबर गेली होती.

पलीकडे, चाकाओच्या काठावर, आणखी एक कॅफे आहे.
मी तिथला नंबर शोधतोय.