चाखण्याची वही

मनामा, हॉटेलचं तळघर.
बाहेर सेहेचाळीस. आत, बाटल्यांसाठी, तेरा.
मी स्वेटर घालून.

पहिली मोझेलची रीसलिंग, बारा वर्षांची.
नाजीसाहेब लिहितात : पेट्रोल.
इथे त्याचं कुणाला नवल नाही.
माझ्या वहीत : रॉकेलचा कॅन,
तोंडाला बटाटा खोचलेला.
आणि मग, अगदी जिभेच्या टोकाशी, पाटी.
बाईंचा डोळा चुकवून थुंकीनं पुसलेली.
(थुंकायचं इथेही असतंच,
पण स्टीलच्या बादलीत.)

दुसरी बर्गंडी. किंमत, माझे दोन पगार.
बूच निघालं, आणि ओलं गोणपाट.
बिघडलीय, म्हणालो.
साहेबांनी दोनदा हुंगली, मोरीत ओतली.
आवाज पाण्यासारखाच आला.

तिसरी शिनों.
जांभूळ. नुकतंच टोक काढलेली पेन्सिल.
तंबाखू, चुना न लावलेली.
सोबत काय खावं, या रकान्यात
‘सुक्या जवळ्याची चटणी’ लिहून
खोडलं.

रात्री कुमुदमावशीचा फोन.
तिथं नेमकं करतोस काय रे?
वास घेतो.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
आणि तोंडात घेतलेलं?
थुंकतो.
मग ठीक, म्हणाली.

शिनोंचा एक घोट
मी थुंकला नव्हता.