नाकाची नोकरी

तिकीट लेकीने काढलं होतं, निवृत्तीची भेट.
बाणेरला, फर्निचरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर,
शनिवारी साडेपाचला.
बायको म्हणाली, आज संकष्टी, तुम्ही जा.
गेलो, पँटला इस्त्री करून.

लांब टेबल, वर पांढरा कागद,
प्रत्येकापुढे पाच ग्लास, खाऱ्या बिस्किटांची बशी,
आणि थुंकायला स्टीलचं एक भांडं
जे आमच्या घरी असतं तर त्यात कणीक भिजली असती.

बोरस्ते नावाचा माणूस उभा राहिला.
निफाडकडचा. वाइन करतो.
नखांच्या कडा जांभळ्या, घासून न गेलेल्या.
"आधी बघा," म्हणाला, "मग हुंगा.
प्यायचं काय, ते कुणालाही येतं."

ग्लास तिरपे झाले. कागदावर लाल सावल्या हलल्या.
काय येतंय?
चष्मेवाली मुलगी म्हणाली, ब्लॅकबेरी.
ब्लॅकबेरी मी जन्मात पाहिलेली नाही.
"खाल्लेलं सांगा," बोरस्ते म्हणाला,
"वाचलेलं नको."
मग कुणाला आमसूल सापडलं, कुणाला जायफळ,
आणि एक गृहस्थ चाचरत म्हणाले,
शाळेतली कंपासपेटी.
सगळे हसले, पण सगळ्यांनी पुन्हा नाक घातलं
आणि होती की तिथे,
खोडरबरासकट.

चौथा ग्लास.
नाक नेलं तसं मागे आलं.

एकतीस वर्षं मी दारूच्या कारखान्यात होतो
असं सांगितलं की लोक डोळा मारतात.
ती दारू वेगळी. खडकीची. तोफेत भरायची.
माझं काम सॉल्व्हंटच्या खोल्यांतून फिरणं, गळती पकडणं.
त्यासाठी यंत्रं होती.
यंत्रं गप्प बसली की साहेब म्हणायचे,
त्या तुपेला बोलवा.

"नेलपॉलिश," मी म्हणालो.
"फार नाही. बाटली उघडी ठेवून
बाई शेजारच्या खोलीत गेलीये, एवढंच."

कुणी हसलं नाही, कारण बोरस्ते हसला नाही.
त्याने स्वतःचा ग्लास उचलला. ठेवला. परत उचलला.
बाटली फिरवून मागचा आकडा वाचला.
"अकरा नंबरचं पिंप," म्हणाला,
"महिनाभर शंका होती मला.
महिनाभर मी त्या बाजूला फिरकलोच नाही."
मग सगळ्यांचे ग्लास परत मागितले.
मला तर आवडली, चालेल की, असं कुणीतरी म्हणालं.
"नाही चालणार."
आणि तो ओतत गेला, एकेक ग्लास,
त्या कणकेच्या भांड्यात.
ती शांतता माझ्या ओळखीची.
लॉट नापास झाला की खोलीत पसरते,
आणि नापास करणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

मला वाटलं होतं, शेवटच्या दिवशी
बिल्ला, हेल्मेट, लॉकरची किल्ली,
यांच्याबरोबर नाकही जमा झालं.
तपासलं तर त्याची पावती नव्हती.

जिन्यात त्याने गाठलं.
"काका, फेब्रुवारीत या. तोडणी असते. पिंपं हुंगायला."
पगार?
"बिघडलेली सगळी तुमची."

घरी पोचलो तर बायको गच्चीवर,
पंचांगात चंद्रोदय नऊ दहा, आभाळात ढग.
कशी होती, म्हणाली.
काय सांगणार. खिशातलं बूच काढून दिलं.
तिने नाकाशी धरलं, बराच वेळ,
साहेबांसमोर मी धरायचो त्याहून सावकाश.
"पाट," म्हणाली, "धुऊन भिंतीला टेकवलेला.
आणि खाली कुठेतरी गूळ."

गूळ मला आला नव्हता.
मी बूच मागितलं, तिने दिलं नाही.
कठड्याशी उभे राहिलो,
ती उपाशी, मी खारी बिस्किटं खाऊन,
आणि ढग आपला हलेना.