अपियाओकडे, वॉशिंग मशीन घेऊन

हळू चालवली तर तक्रार नाही.
मूठ अर्धी पिळली की खोकते,
पूर्ण पिळली की मान टाकते.
पंधरा घोड्यांची मोटर म्हणे.
आज त्यातले अकरा कुठे चरायला गेलेत?

होडीत मी, माझा भाचा रोसामेल,
आणि ओतिलियाचं नवंकोरं वॉशिंग मशीन,
प्लास्टिकात गुंडाळलेलं, मधोमध,
गावभेटीला निघालेल्या बिशपसारखं ताठ.
चिलोएच्या या खाड्यांत ओहोटी कुणासाठी थांबत नाही.
दोन तासांत अपियाओच्या धक्क्याखाली चिखल उघडा पडेल,
मग बिशप खांद्यावर.

रोसामेल म्हणतो, प्लग.
त्याचं नेहमीच प्लग असतं.
काढले. दोन्ही कोरडे, जरा पांढुरके.
ठिणगी ठीक आहे रे, म्हटलं,
पोटात काही जात नाहीये तिच्या.

मागून पाण्याची धार पडतेय, करंगळीएवढी.
हात धरला: कोमट. म्हणजे ताप नाही.
पंख्याला दोर नाही, शेवाळ नाही.
कॉफीच्या बरणीत थोडं पेट्रोल घेतलं,
उजेडाकडे धरलं,
तळाशी पाण्याचा टिपूस नाही.

असं एकेक दार ठोठावत जायचं.
घायकुतीला आलेला माणूस चार गोष्टी एकदम बदलतो,
मोटर बरी होते,
कशानं झाली ते कळत नाही,
आणि पुढच्या वाऱ्यात तो पुन्हा तेवढाच अडाणी.
हे बेलार्मिनोचं. माझ्या नवऱ्याचं.
मोटरबद्दल तो पुष्कळ बोलायचा.

"गोळा दाब," मी म्हटलं. रोसामेलनं
पेट्रोलच्या नळीतला रबरी गोळा दाबला.
पळाली! सामनच्या पिंजऱ्यांपर्यंत पळाली.
त्यानं हात काढला
आणि आम्ही दोघांनी पाहिलं:
गोळा आपोआप चपटा होत चाललाय,
बोळक्या म्हातारीनं नळीनं चहा ओढावा
तसे त्याचे गाल आत.

म्हणजे खोट गोळ्याच्या मागे, टाकीकडे.
टाकीचा श्वासाचा स्क्रू मोकळाच होता.
झाकणही काढून पाहिलं. तेच.
उरली हातभर नळी,
गेल्या वर्षी कास्त्रोच्या बाजारातून आणलेली,
बाहेरून काळीभोर, तुकतुकीत.
रोसामेल एकाएकी दूरच्या चर्चचा मनोरा बघायला लागला.

सुरीनं उभी चिरली.
आतलं अस्तर सुटलेलं, लसणीच्या सालीसारखं.
हळू ओढलं तर निपचित पडून राहतं,
जोरानं ओढलं की उठतं
आणि घसा बंद.
हळू मागितलं तर देणार, जोरात मागितलं तर नाही.
अशा एकाबरोबर मी एकतीस वर्षं काढली,
आणि जोरातच मागत राहिले.

भाच्यावर ओरडायचं ठरवलं होतं.
"किती वाचवलेस?" इतकंच विचारलं.
"चार हजार पेसो."
"कशासाठी?"
त्यानं सांगितलं. ते मी इथे सांगत नाही.

पेट्रोल उपसायची जुनी नळी होती, वीतभर तोकडी.
टाकी पायाशी ओढून घेतली,
तारेनं दोन्ही टोकं आवळली,
गोळा दाबला, टणक झाला,
टणकच राहिला.
मूठ पूर्ण पिळली तेव्हा
होडीचं नाक उचललं गेलं, बिशप मागे कलला,
आणि रोसामेलनं त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

तरी चिखल लागलाच.
सहा जणांनी उचलून नेलं,
ओतिलिया पुढे चालत, वाटेतली कोंबडी हाकलत.
स्वयंपाकघरात ठेवलं, पाणी जोडलं,
तिनं ओल्या हातानं बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी बाही वर सारत होते, आधी काय तपासायचं याचा विचार करत,
तेवढ्यात रोसामेल म्हणाला, प्लग.

भिंतीपाशी, बटाट्यांच्या पोत्यामागे
तो जमिनीवर पडला होता.