उतरलेल्यांची वही

पहिलं काम मेंढ्यांचं.
सहा वाजता नायरी कुत्रा घेऊन आली,
दोन शिट्ट्या, आणि एका टोकाकडून टाका उसवत जावा
तशी धावपट्टी मोकळी होत गेली.
मागे राहिलं दव, आणि लेंड्या.
लेंड्यांचं काही करता येत नाही.
विमानांना त्यांची सवय आहे,
पांढरे बूट घालून येणाऱ्यांना नाही.

माझ्याकडे वही. घडीचं टेबल, दोन पेन्सिली,
पानं उडू नयेत म्हणून एक जुना स्पार्क प्लग.
रकाने मीच आखलेत:
वेळ, अक्षरं, कुठून, किती माणसं.
शेवटचा रकाना मी स्वतः डोकावून भरते,
सांगण्यावर जात नाही.
गेल्या वर्षी एकानं 'दोघं' म्हणून
मांडीवर कोकरू आणलं होतं.

नऊ पाच. निळं, टिमारूहून, दोघं.
नऊ अकरा. पिवळं, घरी बांधलेलं.
अकरा वर्षं गॅरेजात ते,
"आणि अकरा वर्षं आमची गाडी पावसात,"
बायको खाली उतरता उतरता म्हणाली.
मग आभाळाला घाई झाली.
कुंपणावरून पोट चोरून एकामागे एक,
एक तर टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं,
बेडकासारखं.
सगळ्यांनी ते पाहिलं,
आणि सगळे एकदम
तव्यावरच्या सॉसेजमध्ये गुंतले.

पट्टीच्या टोकाला यूअर्ट मॅलहर्ब,
हातात टेबल टेनिसच्या बॅटी, केशरी रंगवलेल्या.
वय अठ्ठ्याहत्तर.
चाळीस वर्षं यानं समोरच्या डोंगरांवर
विमानातून खत टाकलं,
दिवसाला साठ साठ फेऱ्या.
इथलं गवत त्याला ओळखतं,
नावानं नसेल, उधारीनं.
दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं सही केली नाही.
तो 'बरं' म्हणाला.
विमान विकलं. बॅटी रंगवल्या.

दहा सत्तेचाळीस.
मी अक्षरांवरून ओळखलं
आणि पेन्सिल तिथंच थांबली.
त्यानं पाठमोरा असतानाच ओळखलं होतं, आवाजावरून.
वळला. डावी बॅट. उजवी. सरळ ये, ये, ये,
दोन्ही हात डोक्यावर फुली करून: बस.
इतर विमानांना जसं, तसंच.
फक्त हात खाली आणायला
थोडा उशीर लागला.

आतल्या मुलीला दार उघडेना.
त्यानं बाहेरून कडी वर उचलली,
गुडघा लावला, ओढलं.
"सहा महिने मी दुसऱ्या बाजूनं उतरतेय," ती म्हणाली.
"माझी बायको तीस वर्षं शिव्या देत उतरली," तो म्हणाला.
नाव ब्रिअर. दात मोठे, नखांत ग्रीस.
तिनं विचारलं, येता का एक चक्कर?
त्यानं माझ्या वहीकडे बोट केलं:
अजून तीन यायचीत.

तिन्ही आली. चहाचा पिंप रिकामा झाला.
जॅम संपल्यावर लोक नुसत्या स्कोनवर आले,
मग घड्याळावर, मग ढगांवर.
एकेक इंजिन खोकलं, निघालं.
फाटकापाशी नायरी मेंढ्या घेऊन उभी,
कुत्र्याची शेपटी घाई करत होती.

तीन छत्तीस. तीच अक्षरं. निघालं.
किती माणसं: मी डोकावले.
दोघं.
बॅटी गवतात पडलेल्या, शेजारी शेजारी,
पाहुण्याच्या चपला असाव्यात तशा.

तीन अठ्ठावन्नला ते परत आलं तेव्हा
'कुठून' या रकान्यात काय लिहावं कळेना.
'इथूनच' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
तोवर लक्षात आलं,
त्याला जागा दाखवायला कुणी नाहीय.
धावले, बॅटी उचलल्या,
डावी, उजवी, काय सुचेल ते,
आणि घाबरून फुली फार लवकर केली.

यूअर्ट दार उचलून, गुडघ्यानं ढकलून उतरला.
खाली पाहिलं.
"नेमकं लेंड्यांत उभं केलंस," म्हणाला,
आणि नाक पुसत राहिला,
बराच वेळ.
नायरीनं शिट्टी द्यायची थांबवली.