तेल दिले

देवळाली कॅम्पातल्या शाळेची रायफल.
बॅरलला बाजूनं भोक पाडलेलं,
चाप ओढला तर चिमणीसुद्धा उडायची नाही.
बाई म्हणाल्या, मुनीरभाई, पंधरा ऑगस्टला काचेत ठेवायचीय,
नवी करून द्या.

मी भद्रकालीतला पॉलिशवाला. नवं करणं हाच धंदा.
साठ नंबर, एकशेवीस नंबर, मग लाखेचा हात,
की माणूस कपाटाच्या दारात बघून भांग पाडतो.

स्टुलावर लहानू गांगुर्डे बसले होते. आरमोरर.
निवृत्त होऊन पंचवीस वर्षं, बोटं अजून ड्यूटीवर.
फुकट काम करायला का आले, बाईंनाही ठाऊक नव्हतं.
माझ्या पिशवीतला पॉलिश पेपर त्यांनी
दोन बोटांत धरून उंबऱ्याबाहेर ठेवला,
चपलांशेजारी.

"अक्रोड हाये. घासलंस की हिची सालं निघतात.
झाडाची नव्हं. बेचाळीस, त्रेचाळीस, बासष्ट, अशी."

पहिला दिवस नुसता चिंध्यांत गेला.
टर्पेंटाइन कापसावर, कापूस लाकडावर, रेघेच्या दिशेनं.
कापूस काळा. पुन्हा काळा. मग चहाइतका,
मग पाहुण्याला नको असलेल्या चहाइतका.
कुणाकुणाचा गाल टेकला असेल इथं.
घाम लाकडात मुरतो, आणि वर येतो पुन्हा,
लोणच्याच्या बरणीला मीठ फुटतं तसा.

बटावर दोन खळगे.
एकावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली,
चुर्र झालं, लाकूड भिजल्या डाळीसारखं फुगून वर आलं.
दुसऱ्याकडे वळलो तर गांगुर्डेंनी मनगट धरलं.
"ह्यो राहू दे."
का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

लोखंड मला दिलंच नाही.
तांबट आळीतून आणलेली तांब्याची पट्टी, पातळ तेल,
आणि तांबूस गंज तेवढा खरवडत बसले दिवसभर.
काळ्या थराला हात लावायचा नाही. तोही गंजच,
पण निवलेला, खालच्या लोखंडाची राखण करणारा.
"तांबं मऊ. आपण झिजतं, वरखडा काढत नाही."
हातात सुती मोजे. उघड्या बोटाचा ठसा, म्हणे,
आषाढात नावासकट उमटतो.

मध्येच रेंजवरून तोफा सुरू झाल्या.
काचा थरथरल्या, वाटीतल्या तेलावर वर्तुळं उठली.
गांगुर्डेंनी वाटीवर बशी झाकली, धूळ नको म्हणून.
बाहेर पोरांची पीटी, एक-दोन, एक-दोन.

तिसऱ्या दिवशी बॅरलवरचं लाकूड उचकटलं, हलक्या हातानं.
त्याची आतली बाजू जगात कुणी बघत नाही.
तिथं कॉपिंग पेन्सिलनं, जांभळट, तिरकं:
तेल दिले. १७-६-६५.
खाली दुसरा हात, गोल गोल, शाळकरी:
तेल दिले. ७१. घाईत.
नाव कुणाचंच नाही.

गांगुर्डेंनी चष्मा पुसला. लावला. पुन्हा पुसला.
"पुढंही अक्षर काय सुधारलं न्हाई,"
एवढंच म्हणाले, आणि जवसाची बाटली उघडली.

कच्चं तेल. तळहातावर चार थेंब, बास.
हात तापेपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून घ्यायचं,
रात्रभर खुंटीला टांगायचं.
आठवडाभर रोज. महिनाभर दर सोमवारी.
"मंग वर्षातून एकदा, पावसाच्या आधी.
म्या नसंन तवा तू."

बाई बघून गेल्या. जुनीच दिसते की, म्हणाल्या.
हो, म्हणालो. मजुरी पुरती घेतली.

लाकूड परत बसवायच्या आधी मी खिसे चाचपले.
पेन्सिल नेमकी घरी.
गांगुर्डेंनी कानामागची काढून पुढं केली.
जांभळी. टोक करून आणलेली.