उत्तरेची खिडकी

तार्तूहून नकाशा आला तेव्हा
इथे कोपियापोत साडेदहाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं,
आणि पडद्यावर लीसच्या मागे
दिवस केव्हाच मावळला होता.
"दुपारचे साडेतीन," ती म्हणाली, काहीशी ओशाळून,
जणू अंधार तिनेच केला होता.

देखणा नकाशा. भिंतींत लाकडाचा भुसा,
काचेचे तीन थर, उतरत्या छतावर बावीस पॅनल,
आणि बैठकीची भलीमोठी खिडकी
दक्षिणेला.
आम्ही सहाजणांनी तो पाहिला.
प्राध्यापकांनी पाहिला, सही केली.
रोसिओने तर पुठ्ठ्याचं घरही बनवलं,
खिडकीशी काडेपेटीची खुर्ची ठेवून.

वेल्डर वेनान्सिओ चौकटीचं माप घ्यायला आला.
त्याने कागद उभा धरला, आडवा धरला,
मग अंगणात नेऊन जमिनीवर अंथरला,
चार कोपऱ्यांवर चार खडे.
"या खिडकीत बसून कोण कुणाची वाट बघणार?
हिवाळाभर ऊन इकडे फिरकत नाही."

त्यांचं ठीक आहे.
त्यांचा सूर्य दक्षिणेनेच जातो, लाजत, झाडांच्या शेंड्यांवरून.
पण उत्तरेच्या उन्हाने जन्मभर भाजलेले आम्ही,
आम्हाला कसं दिसलं नाही?
छपाई फार सुबक होती.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आम्ही घर फिरवलं, वासे फिरवले,
तर न्हाणीघर रस्त्यावर आलं
आणि दार थेट खाणीच्या राडारोड्याकडे.
मग दार हलवलं. दारामुळे जिना. जिन्यामुळे टाकी.
तानेल तिकडून रेघ ओढायचा, मी इकडून पुसायचे;
आमची स्पॅनिश, त्यांची एस्टोनियन,
मधे मोडकं इंग्रजी
आणि दोन्हीकडे सारखेच असलेले आकडे.

जूनमध्ये घर उभं राहिलं.
चार वाजताचं तिरपं ऊन खिडकीतून आत आलं,
वेनान्सिओच्या गुडघ्यांवर बसलं.
पडद्यावर तार्तूत रात्रीचे अकरा,
आणि लीसच्या मागचं आभाळ अजून दुधाळ.
या वेळी ती ओशाळली नाही.

"विचार तिला," वेनान्सिओ म्हणाला,
"एवढ्या उजेडात ही माणसं झोपतात कशी?"
मी विचारलं.
"पडदे," लीस म्हणाली.
आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.
ते कुणीच काढले नव्हते.